बाबाचा हात बसायचा तर : बाळाचं एक काम पूर्ण अंगावर घेताना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत अजून बऱ्याच घरांत चालू आहे. बाबा शनिवारी सासुरवाडीला जातो, पाहुण्यासारखा बसतो, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दहा मिनिटं मांडीवर घेतो, ते रडलं की परत करतो आणि रविवारी संध्याकाळची गाडी पकडतो. तीन महिन्यांनी आई-बाळ घरी येतात तेव्हा आईचा हात बसलेला असतो. दिवसाला आठ लंगोट धरले तरी नव्वद दिवसांचे सातशे वीस होतात. बाबाचे तोवर पाच-सहा झालेले असतात. मग 'बाळ त्याच्याकडे राहतच नाही', 'पुरुषांना नाही जमत ते' अशी वाक्यं घरात फिरू लागतात. उपजत वगैरे काही नसतं. फरक सातशे वीस आणि सहा यांचा असतो.

हात बसायला काम रोज एकच आणि पूर्ण करावं लागतं. 'तू फक्त सांग, मी करतो' असं म्हणणारा बाबा मनापासूनच म्हणत असतो, पण त्याने आईचं ओझं हलत नाही. काय करायचं, कधी करायचं, कुठली वस्तू संपत आली हे डोक्यात ठेवणं तिच्याकडेच राहतं, वर एका माणसाची मुकादमी वाढते. म्हणून एकच काम घ्या, पण त्याच्या शेपटापर्यंत घ्या. आंघोळ घेतली तर गिझर लावण्यापासून मोरी कोरडी करण्यापर्यंत सगळं तुमचं. तेलाची बाटली तळाला गेली हे घरात पहिल्यांदा तुम्हाला कळलं पाहिजे. 'खेळवणं' हे काम म्हणून निवडू नका. ते आजोबाही करतात आणि शेजारचा मुलगाही करतो.

निवडताना आपलं घड्याळ बघा. साडेसातची लोकल पकडणाऱ्याने सकाळची आंघोळ अंगावर घेऊ नये, चार दिवसांत मोडते. आंघोळ सकाळीच हवी असं बाळाच्या बाजूने काही नाही. संध्याकाळी साडेसातला घातली तरी चालते.

सासुरवाडीतच सुरुवात करायची असेल तर रात्रीपासून करा. दिवसा माणसं फार असतात, सासूबाईंसमोर लंगोट बदलायला जावई बिचकतो आणि त्याही 'अहो, राहू द्या' म्हणतात. रात्री दोन वाजता कोणी बघायला नसतं.

रजेचाही हिशेब इथेच मांडू. केंद्र सरकारी नोकरीत पितृत्व रजा १५ दिवसांची आहे, आणि ती प्रसूतीच्या आधीच्या १५ दिवसांपासून जन्मानंतर ६ महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खासगी नोकरीत अशी रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही, कंपनीच्या धोरणावर सगळं अवलंबून. रजा मिळत असेल आणि बायको माहेरी असेल तर ती सगळी बाळंतपणाच्या आठवड्यात संपवू नका. तिथे सांभाळायला माणसं आहेत. आई-बाळ घरी येतील त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा, कारण सातशे वीसचा खड्डा तेव्हाच भरायचा असतो. बाळ माहेरी असताना बाबाचं खरं काम कागदाचं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात जन्म झाला तर माहिती दवाखाना पाठवतो, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का हे तिथल्या फॉर्मवरच तपासा. दाखला छापून आल्यावर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

आंघोळ

मालीशवाल्या बाई पाय लांब करून बसतात आणि बाळाला नडगीवर आडवं घालून पाणी ओततात. ते बघायला सोपं दिसतं. पुरुषांना सहसा तसं जमिनीवर बसायची सवय नसते, दोन मिनिटांत मांड्या भरून येतात आणि बाळ घसरायला लागतं. पहिले सहा महिने प्लास्टिकचा टब घ्या, तळाशी एक जुना टॉवेल चारपदरी घडी करून ठेवा आणि पाणी फक्त चार बोटं भरा.

बाळाला आणण्याआधी सगळी मांडामांड झालेली हवी : टबच्या उजव्या हाताला तांब्या, साबण, मऊ फडकं, डाव्या हाताला पलंगावर झबलं, त्यावर लंगोट किंवा डायपर, त्यावर उघडा पसरलेला टॉवेल. वापरायच्या उलट्या क्रमाने रचायचं, म्हणजे वरून उचलत गेलं की झालं. आंघोळीतले बहुतेक अपघात एकाच क्षणी होतात : बाबा टॉवेल घ्यायला वळतो. काही विसरलं तर बाळ उचलून सोबत न्या. बेल वाजली तर वाजू द्या.

पाणी आधी थंड घ्या, मग त्यात गरम ओता. उलटं केलं आणि मध्येच विसरलात तर टबमध्ये नुसतं गिझरचं पाणी राहतं. हात तळापर्यंत घालून ढवळा, कारण गरम पाणी वर तरंगतं आणि खाली थंड राहतं. मग कोपर बुडवून बघा. कोपराला गरमही लागायला नको आणि गारही. तापमापी असेल तर ३७ ते ३८ अंश सेल्सिअस. बाळ पाण्यात असताना वरून गरम पाणी घालायचं नाही.

तेल लावायचं तर आंघोळीच्या आधी, दूध पिऊन किमान अर्धा-पाऊण तास झाल्यावर. खोबरेल तेल पुरतं, दोन छोटे चमचे. अंगठी आणि घड्याळ काढा, नखं कापलेली हवीत. तळवा सपाट ठेवून छातीकडून हातापायांच्या टोकांकडे हलक्या दाबाने जा. सांधे ओढणं, हातपाय उलटसुलट ताणणं, नाक चिमटीत धरून 'सरळ' करणं यातलं काही करायचं नाही. कानात आणि नाकात तेल अजिबात नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूवर थोडं तेल चालतं, पण टाळू तेलाने 'भरत' नाही. ती हाडं वाढून आपोआप मिटते, साधारण एक ते दीड वर्षात. रोज थापलेल्या तेलाने तिथे पिवळट खपल्या मात्र धरतात. तेल लावून झालं की आधी स्वतःचे हात साबणाने धुवा आणि मगच बाळाला उचला. ही एवढीशी पायरी सगळे गाळतात, आणि तेलकट हातातून तेलकट बाळ निसटतं.

धरायची पद्धत अशी. डावा हात बाळाच्या मानेखालून पलीकडे न्यायचा आणि त्याच हाताने बाळाच्या पलीकडच्या दंडाला काखेजवळ कडं घालायचं : अंगठा खांद्यावर, चार बोटं काखेत. डोकं तुमच्या मनगटावर टेकतं. ही पकड आंघोळ संपेपर्यंत सुटायची नाही, सगळं काम उजव्या हाताने. पहिल्या दिवशी पकड कोरड्यात, कपड्यांसकट बाळ घेऊन पलंगावर करून बघा. डावखुऱ्यांनी सगळं उलट लावावं.

आधी चेहरा, ओल्या फडक्याने, साबणाशिवाय. मग मान. मानेच्या घडीत दूध साठून दह्यासारखं होतं, आंबट वास तिथूनच येतो. हनुवटी बोटाने हलकी वर करून घडी उघडा. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या. जांघेत मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं. मुलाची कातडी मागे ओढायची नाही. डोकं सगळ्यात शेवटी, कारण ओल्या डोक्यातून बाळ पटकन गारठतं. साबण रोज सर्वांगाला लागत नाही. डाळीचं पीठ चोळून लव काढायच्या फंदात पडू नका, त्याने कातडी सोलते. पूर्ण आंघोळ पाच-सात मिनिटांत आटपते. टॉवेल टिपत फिरवा, घासू नका, आणि घड्या पुन्हा एकदा कोरड्या करा. धुरी नको, धूर बाळाच्या श्वासात जातो. डोळ्यांत काजळही नको. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले एक-दोन आठवडे, फक्त फडक्याने पुसून घ्या आणि नाळेवर हळद, तेल, राख काही न लावता ती कोरडी ठेवा.

आंघोळीचा एक फायदा सांगायचा राहतो : रोज उघडं बाळ बघणाऱ्यालाच पुरळ, सूज, लाल झालेली जांघ पहिल्यांदा दिसते. तो माणूस तुम्ही व्हाल.

लंगोट आणि डायपर

दिवसा सुती लंगोट, रात्री डायपर ही वाटणी बहुतेक घरांना परवडते. डायपर दिवसा तीन-चार तासांनी बदला. शी झाली असेल तर लगेच. पुसायला कापूस आणि कोमट पाणी हे ओल्या वाइप्सपेक्षा बरं. पावडर नको. बदलताना घोटे धरून बाळाला उलटं टांगल्यासारखं वर उचलू नका, कमरेखाली हात घाला.

लाल झालं तर दहा मिनिटं उघडं ठेवा आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. तीन दिवसांत उतरलं नाही, लाली घड्यांत शिरली आणि कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बहुधा बुरशी असते, डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून 'खाजेवरची ट्यूब' आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं.

चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय. आईला 'माझं दूध पुरत नाही' असं वाटत असतं तेव्हा लंगोट मोजणारा बाबा फार उपयोगी पडतो. आईच्या दुधावरचं बाळ दिवसातून सहा वेळा शी करील किंवा दीड-दोन महिन्यांनंतर चार दिवस करणारही नाही. मऊ असेल तर दोन्ही ठीक. पांढरट, खडूसारखी शी किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

रात्र

'दूध तर तीच पाजणार, मी उठून काय करू?' पाजायला वीस मिनिटं जातात. त्याच्या आधी उचलणं, लंगोट बदलणं, आणि नंतर ढेकर काढून पुन्हा झोपवणं यात तास मोडतो. ते सगळं बाबा करू शकतो. आईने पडल्या पडल्या बाळ घ्यायचं, पाजायचं, परत द्यायचं. झिरोचा दिवा लावा, बोलू नका, मोबाइल काढू नका. रात्री गप्पा मारल्या की बाळाला दिवस उजाडल्यासारखं वाटतं.

सगळ्या पाळ्या झेपत नसतील तर पहाटे पाच ते सात बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत जा. आईला सलग दोन तास झोप मिळते. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या चार तासांपेक्षा तिला ही झोप मोलाची वाटते, विचारून बघा.

ढेकर काढताना बाळाची हनुवटी तुमच्या खांद्याच्या वर यायला हवी, नाक कपड्यात दबायला नको. पाठीवर खालून वर हात फिरवा, हलकं थोपटा. दहा मिनिटांत ढेकर आली नाही तर सोडून द्या. काही बाळांना येतच नाही.

आईचं काढून ठेवलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये ठेवायचं तर आतल्या कप्प्यात मागे, दारात नाही. वीज जात असेल तर २४ तासांत संपवा. गरम करायला वाटी कोमट पाण्यात ठेवा. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, मायक्रोवेव्हमध्ये दूध एकीकडे कढतं आणि दुसरीकडे गार राहतं. उष्टं उरलेलं दूध पुन्हा फ्रिजमध्ये जात नाही. पाजायला बाटलीपेक्षा वाटी किंवा बोंडलं बरं. बाळाला अर्धवट बसतं धरा, काठ खालच्या ओठाला टेकवा, दूध ओठाला जेमतेम लागेल इतकंच तिरकं करा आणि थांबा. बाळ जिभेने ओढून घेतं. घाईने ओतलं की ठसका लागतो. बोंडल्याच्या चोचीत साय अडकते. आधी बारीक ब्रशने घासा, मग दहा मिनिटं उकळा.

झोपवायचं पाठीवर, कडक गादीवर, उशीशिवाय. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती लागत नाही. जागेपणी दिवसातून तीन-चारदा काही मिनिटं पोटावर ठेवा, डोक्याचा आकारही नीट राहतो आणि मानही धरते. दारू प्यायली असेल, गुंगीचं औषध घेतलं असेल तर त्या रात्री बाळाशेजारी झोपू नका. सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी काढणं तर कुठल्याच रात्री नको. आणि चौथ्या महिन्याच्या आसपास बाळ पालथं पडायला लागतं. पलंगावरून पडायची पहिली वेळ हीच, 'कालपर्यंत वळत नव्हतं' म्हणता म्हणता.

रडणं

रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, बहुधा संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतं. एक क्रम पाठ करा : भूक, लंगोट, ढेकर, गरम किंवा गार, झोप. नंतर अंग तपासा. पायाच्या बोटाला केस किंवा झबल्याचा दोरा करकचून गुंडाळला गेलेला नाही ना, हे मोजे काढूनच कळतं. ताप मोजा. सगळं ठीक असेल तर छातीशी धरून चालत राहा. काही बाळांना मिक्सरचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज शांत करतो.

अर्धा-पाऊण तास हे चाललं की चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं. अशा वेळी बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. मान कच्ची असते, मेंदू आत आपटतो, रक्तस्राव होतो. राग चढतोय असं वाटलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा, पाच मिनिटं बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारा. पाच मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही.

याच महिन्यांत आईकडेही बघा. रडू येणं, झोप मिळूनही झोप न लागणं, बाळाविषयी काहीच न वाटणं असं दोन आठवडे टिकलं तर ते 'बाळंतपणाचं असतंच' म्हणून सोडू नका. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन मराठीतही बोलते. डॉक्टरकडे सोबत जायचं काम तुमचं.

सहा महिन्यांनंतर : वरचं खाणं

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मग उष्टावण होतं, मामा पहिला घास देतो, फोटो निघतात. दुसऱ्या घासापासून पुढचे हजार घास बाबाने घेतले तर फार उत्तम, कारण ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही हे दोन पदार्थ येतात.

एक, मऊ खिचडी. तांदूळ २ मोठे चमचे, मुगाची डाळ १ मोठा चमचा, पाणी दीड वाटी. धुऊन, चिमूटभर हळद घालून कुकरच्या डब्यात चार-पाच शिट्ट्या. डावाने घोटा, मिक्सर नको. वरून एक छोटा चमचा तूप. वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर घालू नका. तुम्हाला अळणी लागतं, बाळाला लागत नाही.

दोन, नाचणी सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. एक मोठा चमचा सत्त्व आधी अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच.

चमचा तिरका केला तर पदार्थ ओघळून जायला नको, इतका घट्ट हवा. डाळीचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज यांनी पोट भरतं आणि वजन वाढत नाही. आपल्याकडे ही चूक फार होते. सहा ते आठ महिन्यांत २-३ चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, मध्ये एक-दोन वेळा फळ वगैरे. वाटी २५० मिलिची धरा. स्तनपान दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. अंडं, काटे काढलेला मासा सहा महिन्यांनंतर चालतो. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे लहान बाळाला लुळेपणा येऊ शकतो. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत दाणेदार, कुस्करलेलं द्यायला लागा. वर्षभर मिक्सरमधलं गुळगुळीत देत राहिलात तर मूल पुढे चावायला नाही म्हणतं.

मोबाइल दाखवून भरवलं की वाटी लवकर रिकामी होते, हे खरं. पण मुलाचं लक्ष पोटाकडे राहत नाही, आणि पुढे मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. पोट भरलं की मूल मान फिरवतं. तिथे थांबा. जेवण अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नका.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या. आवाज बंद, चेहरा निळसर, असं झालं तर वर्षाच्या आतलं बाळ पुढच्या हातावर पालथं घ्या, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच ठोके. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून, आणि कोणाला तरी १०८ लावायला सांगा. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

आजारपणाची फाइल

माता व बाल संरक्षण कार्ड घरात कुठे आहे हे बाबाला न विचारता माहीत हवं. सरकारी लसी जन्मानंतर दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने अशा येतात. मोबाइलमध्ये आत्ताच सगळ्या तारखा टाका. सहा महिन्यांनंतर आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, १ मिलि, आठवड्यातून दोनदा. घरात कोणीतरी एकाने वार ठरवून दिलं तरच ते संपतं. तो एक माणूस तुम्ही.

लसीनंतर ताप आला तर पॅरासिटॅमॉल, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मापाने. इथे एक खड्डा आहे. ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद वेगळी असते : ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलित १०० मिलिग्रॅम, तर सिरपमध्ये ५ मिलित १२० किंवा २५० मिलिग्रॅम. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर डोस कितीतरी पट होतो. बाटलीवर पट्टी चिकटवून बाळाचं वजन, माप आणि तारीख लिहा. वजन वाढलं की पट्टी बदला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध देत बसायचं नाही, थेट दवाखाना.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदाच पूर्ण विरघळवा. 'थोडं थोडं ग्लासात' केलं की मिठाचं प्रमाण चुकतं. २४ तासांनी उरलेलं ओता. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, चमच्याने. फळांच्या चवीची टेट्रा पॅकमधली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांतल्या साखरेने जुलाब वाढतात. झिंक डॉक्टरांच्या सांगण्यावरून १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

सर्दी-खोकल्यात श्वास मोजा. बाळ शांत असताना, झबलं वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर निघा. बाळ पीत नसेल, उठवूनही डोळे उघडत नसेल, झटका आला असेल तर काहीच मोजायचं नाही, निघायचंच.

निघताना स्कूटरवर पुढे उभं करून नेऊ नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर बांधायचा पट्टा आणि हेल्मेट लागतं, वेग ४० च्या आत, असा नियमच आहे. त्याहून लहान बाळाला रिक्षा.

एकट्याने तीन तास

महिनाभर एक काम केलं की रविवारी आईने तीन तास घराबाहेर जावं. घरात बसून 'मी बघत नाही' म्हणण्याने काही होत नाही, तिचं लक्ष राहतंच. जाताना सूचनांची यादी ठेवायची नाही, फोन करायचा नाही. बाबा झबलं उलटं घालील. घालू दे. बाळाला इजा होत नाही त्या सगळ्या चुका त्याच्या त्यालाच सुधारायच्या आहेत. आईने येऊन पुन्हा नीट घातलं की पुढच्या रविवारी तो तिची वाट बघत बसतो.

आजीचं प्रकरण अवघड. काजळ, धुरी, बाळघुटी, साखरपाणी, मध यांवर सुनेने नाही म्हटलं की भांडण होतं. ते बाबाने आपल्या आईशी बोलायचं, आणि बायको समोर नसताना. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून बायकोच्या आड लपायचं नाही, 'मी नाही म्हणतोय' म्हणायचं. सोबत आजीला तिच्या हातचं एखादं काम द्यावं : नाचणीला मोड आणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. 'बिचारा माझा मुलगा लंगोट धुतो' हा शेरा मात्र येणारच. ऐकून घ्या, बादली भरा.

बाहेरगावी जाताना काम आईच्या डोक्यात टाकून जाऊ नका. आदल्या रात्री एका कागदावर लिहा : तेल किती उरलंय, मलम कुठल्या खणात, कुठली जांघ कालपासून लाल आहे, नखं कधी कापली, पुढची लस कधी. कागद फ्रिजला लावा. परत आल्यावर तो काढून टाका, आणि त्याच संध्याकाळी गिझर तुम्ही लावा.